९ कॅरेटचं मंगळसूत्र रोजच्या वापराला चालेल का? जरा सविस्तरच सांगतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्न डिसेंबरात, मंगळसूत्रासाठी सगळं मिळून सत्तर हजार, तुम्ही डोंबिवलीहून रोज लोकलने जाता आणि मंगळसूत्र कपाटात न ठेवता रोज घालायचं आहे. दुकानात ९ कॅरेटचं दाखवलं, दिसायला भरगच्च आणि बजेटात बसणारं, आणि होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या की ते कसलं सोनं, त्यापेक्षा बेन्टेक्स घाल. तर ही फसवणूक आहे का, काळं पडेल का, आणि उद्या मोडायला गेलं तर हातात काय येईल, हे तुमचे तीन प्रश्न.

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सत्तावीस वर्षं सोनाराच्या पाटावर बसतोय, आधी वडिलांच्या हाताखाली आणि आता माझा. दुकान नाही माझं, मी कारागीर, दुकानदारांचं काम करून देतो, त्यामुळे मला तुम्हाला काही विकायचं नाहीये. म्हणतात ना सोनारानेच कान टोचावेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट बाजूला करू. ९ कॅरेट खरं सोनं आहे का हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न असा आहे की हा दागिना तुम्हाला अंगावर घालायला हवाय की अडीअडचणीला मोडायला हवाय. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकाच दागिन्याकडून दोन्ही कामं करून घेतली, बावीस कॅरेटमध्ये ती बऱ्यापैकी होतही होती, पण भाव तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यावर सत्तर हजारात दोन्ही कामं एकाच साखळीकडून होणार नाहीत. काहीतरी एक सोडावं लागेल. कुठलं सोडायचं ते तुम्ही ठरवायचं, मी फक्त कशात काय जातं ते सांगतो.

कॅरेट म्हणजे चोवीस भागातले सोन्याचे भाग. २२ म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५ आणि ९ म्हणजे ३७५, हे आकडे हजारात किती सोनं ते सांगतात. म्हणजे ९ कॅरेटच्या दागिन्यात वजनाने सोनं चाळीस टक्क्याहून कमी, बाकी तांबं, चांदी, जस्त वगैरे. तर फसवणूक आहे का? ३७५ लिहून ३७५ च्या भावाने विकत असेल तर अजिबात नाही. आपल्याकडे जुलै २०२५ पासून ९ कॅरेटसुद्धा हॉलमार्किंगच्या, म्हणजे सरकारमान्य शुद्धतेच्या छापाच्या, यादीत आलंय, त्याआधी सगळ्यात खालची पायरी १४ ची होती. इंग्लंडमध्ये तर ९ कॅरेट १८५४ पासून कायदेशीर आहे, तिकडे लग्नाच्या अंगठ्या त्यात सर्रास होतात. माझ्याकडे लंडनला राहणाऱ्या एका बाई अंगठी मोठी करायला घेऊन आल्या होत्या, आतल्या बाजूला ३७५ चा छाप, सासूबाईंची होती म्हणाल्या, पन्नास वर्षं बोटातली आणि तरी कडा शाबूत. आपण ती अंगठी कसाला लावली असती तर नाक मुरडून परत दिली असती.

नाक मुरडायचं कारण पण सांगतो, कारण ते नुसतं जुनाट डोक्याचं नाही. आमच्याकडे कसोटीचा काळा दगड असतो, त्यावर दागिना घासून रेघ ओढायची आणि रेघेवर तेजाब, म्हणजे ॲसिड, सोडायचं. बावीसची रेघ जागची हलत नाही, पिवळी ती पिवळीच. नऊची रेघ हिरवट फेसाळते आणि बघता बघता उडते. म्हणून जुन्या सोनाराच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की तेजाबात टिकलं नाही ते सोनं नाही, हिणकस आहे. आणि आपल्या भाषेतही बघा, चांगल्या माणसाला बावनकशी म्हणतात आणि वाईटाला हिणकस, म्हणजे कमी कॅरेटला आपण नुसतं स्वस्त समजत नाही, चारित्र्यहीनच ठरवून टाकलंय.

वर त्याला इतिहासही आहे. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला, १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. चीनच्या युद्धानंतरचा काळ, परदेशी चलन वाचवायचं, सोन्याचं वेड कमी करायचं असा हिशोब. झालं काय तर लोकांनी १४ कॅरेट घेतलंच नाही आणि सोनारांच्या चुली थंड पडल्या, देशभरात कित्येक सोनार देशोधडीला लागले, आत्महत्या झाल्या. १४ ची अट १९६६ मध्ये उठली पण कायदा १९९० पर्यंत होता. आमच्या आजोबांनी त्या काळात तीन वर्षं एका गूळ-व्यापाऱ्याकडे हिशोब लिहिले. त्यामुळे आमच्या घरात "चौदा कॅरेट" हा शब्द शिवीसारखा वापरायचे, कोणी दिला शब्द फिरवला की आजी म्हणायची चौदा कॅरेटचा आहे. सासूबाईंच्या डोक्यात असं काहीतरी असू शकतं, रागावू नका.

आता काळं पडण्याचं. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात याचं उत्तर सरळ मिळत नाही. शुद्ध सोन्याला हवा, घाम, पाणी काही करत नाही. काळं पडतं ते सोबतचं तांबं आणि चांदी. बावीसमध्ये ती इतकी कमी असतात की सोन्याच्या कणांमध्ये अडकून पडलेली असतात, बाहेरच्या घामाला त्यांच्यापर्यंत वाटच मिळत नाही. कॅरेट उतरत गेलं की एक वेळ येते जिथे तांबं-चांदीचे कण एकमेकांना लागून असतात आणि वाट मोकळी होते. ही नुसती कल्पना नाही हां, आमच्या धंद्यात रोज वापरतात. सांगली जिल्ह्यातले विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले तुम्हाला माहिती असतील, देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात ते. हे लोक जुनं सोनं शुद्ध करायला काय करतात, तर आधी त्यात उलट चांदी नाहीतर तांबं घालतात! सोनं चौथ्या हिश्श्यावर आणतात आणि मग तेजाबात उकळतात. का, तर सोनं जास्त असेल तर तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. चौथ्या हिश्श्यावर आलं की तेजाब सगळी चांदी-तांबं खाऊन टाकतं आणि खाली तपकिरी गाळासारखं शुद्ध सोनं उरतं. आता ९ कॅरेट म्हणजे साधारण तीन अष्टमांश सोनं, त्या चौथ्या हिश्श्याच्या बरंच जवळ. घाम म्हणजे काही तेजाब नाही, पण तो रोज असतो, मुंबईच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत तर विचारूच नका.

म्हणजे काळं पडेल का, तर हो, मळकट-तांबूस होईल, काहींना मानेवर हिरवट-काळपट डाग येईल. पण किती आणि किती लवकर हे माणसागणिक बदलतं. मी एकाच तारेतून दोन बहिणींना साखळ्या करून दिल्या होत्या १४ मध्ये, एकीची वर्षभर तशीच, दुसरीची दीड महिन्यात काळी पडून परत आली, घाम वेगळा दुसरं काही नाही. त्यामुळे कोणी छातीठोकपणे "आजिबात काळं पडत नाही मॅडम" म्हणाला तर समजा की वर पिवळ्या सोन्याचा मुलामा चढवलेला आहे. नऊ कॅरेटच्या बऱ्याच मालावर तो असतो, बावीससारखा रंग दिसावा म्हणून. मुलामा असण्यात गैर काही नाही, पण तो रोजच्या घासण्याने उडणार, मग खालचा खरा फिका किंवा तांबूस रंग दिसणार आणि तुम्हाला वाटणार सोनं उडालं. घेतानाच विचारा की हा रंग धातूचा आहे की वरचा, आणि परत चढवायला किती घेणार.

काळं पडलेलं साफ होतं, त्याने घाबरू नका. रिठे कोमट पाण्यात भिजवून त्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायचं, आमच्याकडे अजून हेच करतात. टूथपेस्ट लावू नका, त्यात खरवडणारी बारीक पूड असते. खरी भीती वेगळ्याच गोष्टीची आहे, क्लोरीनची. ब्लीच, टॉयलेट क्लीनर, स्विमिंग पूल. कमी कॅरेटचा धातू ताणाखाली असेल, म्हणजे जिथे कडी वाकवलेली आहे, आकड्याची, म्हणजे हुकाची, स्प्रिंग आहे तिथे, क्लोरीन आत शिरून बारीक तडे पाडतं आणि एक दिवस काही न होता कडी तुटते. झिजून तुटलेली कडी पातळ झालेली दिसते, ही मात्र जाडीच्या जाडी काचेसारखी तडकलेली असते. बावीसमध्ये हा प्रकार मी बघितलेला नाही. तेव्हा ९ किंवा १४ घेतलंत तर बाथरूम धुताना काढून ठेवा, एवढं पथ्य.

आता कमी कॅरेटच्या बाजूने बोलतो, कारण आतापर्यंत तुम्हाला वाटलं असेल की हा गडी विरोधातच आहे. तसं नाही. बावीस मऊ असतं. साखळीची प्रत्येक कडी शेजारच्या कडीवर रोज हजारदा घासते. माझ्या आईची मोहनमाळ सोडा, ती सणाला निघते, पण तिची रोजची चेन वडिलांनी केली तेव्हा पंधरा ग्रॅमला थोडी कमी होती आणि मी मागे वजन केली तर तेरा पण भरेना. दोन ग्रॅम सोनं ब्लाउजला आणि साबणाला गेलं. तांबं-चांदी मिसळली की धातू कडक होतो, झीज कमी, खोबणी आणि खडा पकडणारे पंजे नीट धरतात. हिऱ्याची अंगठी १८ किंवा १४ मध्ये करतात ती पैसे वाचवायला नाही, बावीसचे पंजे साध्या धक्क्याने उघडतात आणि खडा जातो म्हणून. आकडा, पेच, कानातल्याची मळसूत्री दांडी, स्प्रिंग असलेलं काहीही कडक सोन्यातच चांगलं.

उलट ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज, चिंचपेटी, तोडे, पाटल्या हे कमी कॅरेटमध्ये करायला कोणी सांगितलं तर मी नाही म्हणतो. बोरमाळेचा मणी म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा गोल वळवून आत लाख भरलेली, साजाची पानं ठशावर ठोकून उठवायची. त्याला लोण्यासारखं सोनं लागतं. नऊचा पत्रा दोन घाव घातले की कडक होतो, परत तापवून मऊ करा, तापवलं की तांब्यामुळे वर काळा थर, तो ॲसिडमध्ये उतरवा, परत ठोका, आणि एवढं करून ठशाच्या कोपऱ्यात पत्रा फाटतोच. मशीनने ओतून केलेले त्या डिझाइनचे मिळतात, पण ते लांबूनच ठुशी दिसतात. आणि बाळाचे कान टोचायची तार तर बावीसच्या खाली कधीच नको, ताज्या जखमेत तांबं कशाला घालायचं.

पांढरं सोनं तुम्ही विचारलं नाहीत पण दोन वाक्यं. त्यात निकेल असू शकतं, ज्यांना खोट्या कानातल्याने कान चिघळतात त्यांना ते चालत नाही, आणि वरची चकाकी ऱ्होडियमची असते, ती दीड-दोन वर्षांनी पुन्हा चढवावी लागते.

आता पैसे. इथे कागद पेन घ्या. हिशोबाला शुद्ध सोनं तोळ्याला एक लाख धरतो (खरा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा, पण बाजारात आता दहालाच तोळा म्हणतात), आजचा भाव बघून तुम्ही त्या पटीत वाढवा. बावीसची ५ ग्रॅमची एक अंगठी घ्या. सोन्याचे ४५,८०० झाले, घडणावळ ५,५०० धरू, वर ३ टक्के जीएसटी, हातात पडली साधारण ५२,८०० ला. आता अगदी त्याच मापाची, तेवढीच जाड अंगठी ९ कॅरेटमध्ये केली तर ती ५ ग्रॅमची होत नाही बरं का! तांबं-चांदी सोन्यापेक्षा खूप हलकी, त्यामुळे तीच अंगठी साधारण ३.१५ ग्रॅम भरते. सोन्याचे झाले ११,८०० च्या आसपास. पण कारागिराचा वेळ तेवढाच गेला, उलट जास्तच, म्हणून घडणावळ तीच ५,५००. जीएसटी धरून १७,९०० च्या आत-बाहेर.

दोन्ही लगेच मोडायला नेल्या असं समजा. घडणावळ आणि जीएसटी दोन्हीकडे बुडाले. बावीसवर थोडी तूट धरून पंचेचाळीस हजारच्या जवळपास येतील, म्हणजे गेले सात-आठ हजार. नऊवर दुकानदार जास्त कापेल, गाळायचा खर्च आहे त्याला, समजा अकरा हजार आले, गेले सात हजार. आता गंमत बघा, टक्क्यात सांगितलं तर बावीसमध्ये पंधरा टक्के बुडाले आणि नऊमध्ये जवळपास चाळीस, ऐकूनच माणूस पळतो. रुपयात मात्र दोन्हीकडे सारखेच गेले. लोक टक्के ऐकून नऊ कॅरेटला शिव्या घालतात, पण ते पैसे सोन्याचे नव्हतेच, माझ्यासारख्याच्या मजुरीचे होते आणि ती मजुरी बावीसमध्ये पण परत मिळत नाही, फक्त मोठ्या रकमेत लपते.

खरा फरक पुढे पडतो. बावीसच्या अंगठीत शुद्ध सोनं ४.५८ ग्रॅम आहे, नऊच्यात १.१८ ग्रॅम. भाव चढला तर फायदा त्या सोन्यावर. पण मग उरलेले पस्तीस हजार तुम्ही कुठे ठेवले तेही धराल ना? त्याचं चोवीसचं नाणं घेतलं तर त्यावर घडणावळ जवळजवळ नाही, झीज नाही, लोकलमध्ये कोणी ओढायची भीती नाही. हे करणार असाल तर नऊ कॅरेटमध्ये तोटा नाही. उरलेले हॉलच्या डेकोरेशनला जाणार असतील तर सासूबाई बरोबर आहेत.

दोन अडचणी मात्र हिशोबात येत नाहीत. एक, ९ आणि १४ चा जुना माल दुसरा दुकानदार घेईलच असं नाही, खूप पेढ्या फक्त स्वतःच्या दुकानातला घेतात. लहान गावात तर तोंडावर नाही म्हणतात. दुसरी, सोनेतारण. बऱ्याच ठिकाणी १८ च्या खालचं घेत नाहीत, घेतलं तर बावीसच्या हिशोबात उतरवून किंमत धरतात. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी सोनं ठेवायची वेळ येते तेव्हा हे आठवतं, त्यामुळे घरात दुसरं बावीसचं काही नसेल तर याचा विचार करा.

घेताना काय बघायचं. दागिन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी छाप, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा नंबर. भिंग मागा, प्रत्येक दुकानात असतं. मग तिथेच उभं राहून बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाका, कुठल्या प्रकारचा दागिना, किती शुद्धता, कुठल्या केंद्रात तपासला ते येतं. नंबर अंगठीचा आणि हातात मंगळसूत्र असं असेल तर उठायचं. हे का सांगतो, तर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ पाटल्या मोडायला घेऊन आले, बिलावर बावीस लिहिलेलं, आटवून बघितलं तर अठराला पण थोडं कमी. विकणाऱ्या दुकानाचं नाव घेत नाही, आता ते नाहीये पण. फक्त तक्रार करायला हातात काही नव्हतं, छाप नाही, नंबर नाही. आता छापाप्रमाणे शुद्धता नाही भरली तर जेवढी कमी भरली त्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

२ ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्क सक्तीचा नाही, हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे कारण एकेक वाटी त्याच्या आतच असते. तिथे बिल हाच पुरावा. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं हवं, काळे मणी वजनात धरून सोन्याच्या भावाने लावले नाहीत ना ते बघा, नऊ कॅरेटमध्ये घडणावळ टक्क्यात लावली की ग्रॅमवर ते विचारा. आणि कोणी "केडीएम आहे" म्हणून शुद्धतेची खात्री देत असेल तर ती खात्री नाही, केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख (सांधे जोडायचा धातू), त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो म्हणून आम्हीच तो सोडला.

मग तुमच्या सत्तर हजारात मी काय करेन? वरच्याच एक लाखाच्या भावाने सगळं बावीसमध्ये केलंत तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास बसेल, त्यात लांब मंगळसूत्र म्हणजे सुतासारखी नाहीतर पोकळ साखळी, लोकलच्या पहिल्या धक्क्यात तुटणारी. सगळं नऊमध्ये करायला माझं मन होत नाही, ते घामाचं वर लिहिलंय म्हणून. मी वाट्या बावीसमध्ये करेन, दोन मिळून दोन ग्रॅम, साधारण साडेएकवीस हजार. त्यांना ना वाकायचं ना घासायचं, आणि त्या आयुष्यभर राहतात, साखळ्या बदलतात. उरलेल्या साडेअठ्ठेचाळीसची साखळी १४ मध्ये, ती साडेसहा ग्रॅमच्या थोडी वर बसते. तेवढ्याच पैशाची बावीसची साखळी साडेचार ग्रॅमची होते, पण नुसतं वजन बघू नका, धातू हलका असल्यामुळे चौदाची साखळी अंगाने जवळजवळ दुप्पट भरते. नऊची तिपटीहून जास्त भरेल, म्हणूनच दुकानात ती इतकी भरगच्च दिसली तुम्हाला. पुढे-मागे तारण ठेवायची शक्यता असेल तर १४ ऐवजी १८ घ्या, थोडी बारीक होईल, काळं पडणंही जवळपास विसरून जा. आणि मुंबईत चेन ओढणाऱ्यांची भीती हीच मुख्य काळजी असेल, रोज रात्री उशिरा परतता, तर मग सरळ नऊचं छोटं मंगळसूत्र रोजच्याला आणि उरलेल्याचं नाणं, त्यातही मी वाईट म्हणणार नाही. फक्त ते नाणं खरंच घ्या.

वाट्या आणि साखळी वेगवेगळ्या घ्या, बिलावर वेगवेगळ्या ओळी, वेगवेगळे कॅरेट. पुढे मोडायची वेळ आली तर एकत्र आटवू देऊ नका, बावीस आणि चौदा एका मुशीत गेलं की मधलंच काहीतरी निघतं आणि त्यावर वाद घालत बसावं लागतं. दुरुस्तीला देतानाही कॅरेट आधी सांगायचं, कमी कॅरेट लवकर पाघळतं, कारागिराने बावीस समजून आच धरली तर कडीचा गोळा होतो, माझ्याकडून एकदा झालाय आणि साखळी पदरची करून दिलीय.

वाट्या निवडायला मात्र सासूबाईंना घेऊन जा. त्या बावीसच्या आहेत, कसावर लावून दाखवा म्हणा, दुकानदार दाखवेल. वाट्यांवर त्यांचं ऐकलं की साखळीवर त्या फारसं बोलत नाहीत, हे मी पाटावर बसून खूपदा बघितलंय.